मुख्य लढतीच्या आधी



31 मार्च 1985 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ‘रेसलमेनिया’ नावाचा पहिला महोत्सव भरला. त्यात किंग काँग बंडी या अजस्र मल्लासमोर एस. डी. जोन्स हा मूळचा अँटिग्वा बेटावरचा कृष्णवर्णीय मल्ल उभा करण्यात आला. लढत सुरू झाली न झाली तोच संपली. नऊ सेकंदांत निकाल लागला, असे जाहीर झाले आणि तोच विक्रम म्हणून वर्षानुवर्षे मिरवला गेला. चित्रफीत लावून घड्याळ हातात धरले, तर वीस सेकंदांहून अधिक वेळ भरतो. जोन्सचा पराभव ठरलेलाच होता. परंतु जे चार क्षण तो आपल्या पायांवर उभा राहिला, त्यांतलेही निम्म्याहून अधिक त्याच्या खात्यातून वजा करण्यात आले.

अशा लढतींना तिकडे ‘अंडरकार्ड’ म्हणतात. मुख्य लढतीच्या आधी उरकायच्या, जाहिरातीत बारीक टायपात छापायच्या आणि प्रेक्षक खुर्ची शोधत असताना पार पाडायच्या या लढती. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात केबल आली, तेव्हा घरोघरी हा खेळ पाहिला गेला. मुलांनी मल्लांच्या चित्रांचे पत्ते जमवले, त्यांची उंची-वजने पाठ केली. त्यांच्या तोंडी नावे होती ती मुख्य लढतीतल्यांची. पडणाऱ्याचे नाव कोणी विचारले नाही.

यावर चळवळीतला एखादा गंभीर मित्र म्हणेल, की मुळात हा सारा बनाव. त्यातल्या थोरल्या बनावाचे कौतुक नको आणि धाकट्याचेही नको. बनाव आहे हे खरेच. 1989 साली वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनच्या मालकांनीच न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे कबुली दिली, की ही स्पर्धा नसून करमणूक आहे. हेतू सत्यनिष्ठेचा नव्हता; क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर यांतून सुटका हवी होती. परंतु या कबुलीचा एक अर्थ मालकांच्याही ध्यानी आला नसावा. निकाल आधीच ठरलेला असेल, तर विजेत्याचा मोठेपणा हा पराक्रम उरत नाही. ते मालकाने केलेले वाटप ठरते. मग पारखण्याजोगे शिल्लक राहते ते केवळ काम. आणि कामाचा मोठा वाटा पडणाऱ्याकडे असतो.

हे काम नीट समजून घेण्यासारखे आहे. आखाडा म्हणजे पोलादी सांगाड्यावर ठोकलेल्या फळ्या, त्यांवर पातळ गादी आणि वर ताणलेले कॅनव्हास. त्यावर पाठीवर पडायचे तर हनुवटी छातीशी घट्ट धरावी लागते, डोके मागे आपटू द्यायचे नसते, आणि आघात सबंध पाठीवर पसरावा अशा बेताने अंग टाकावे लागते. उचलणारा जोर लावतो असे दिसते. प्रत्यक्षात पुष्कळदा उचलला जाणाराच नेमक्या क्षणी उडी घेऊन आपले वजन हलके करतो. त्यानंतर वेदना अशी दाखवायची, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही विजेत्याचे बळ पटावे. थोडक्यात, बलवानाचे बळ दुर्बळ म्हणून दाखवला जाणारा माणूस घडवत असतो. तमाशात सोंगाड्याला साथ देणारा बावळट ठोंब्या नसेल, तर सोंगाड्याचा हजरजबाबीपणा कोणाला दिसणार?

बॅरी हॉरोविट्झ हा असाच एक मल्ल. पकडी शास्त्रशुद्ध, हालचाल चोख, आणि नशिबी प्रत्येक आठवड्याला हार. आपली पाठ थोपटणारे दुसरे कोणी नाही हे ओळखून, की काय, तो आखाड्यात स्वतःच्याच हाताने स्वतःची पाठ थोपटून घेई. 1995 साली त्याला अखेर दूरदर्शनवर एक विजय देण्यात आला, तेव्हा समालोचकांनी तो जगावेगळा चमत्कार म्हणून साजरा केला. ‘देण्यात आला’ हाच शब्द येथे योग्य. आपल्याकडे जत्रेतले मैदान पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्यांनी सुरू होते आणि जाणकार त्यांच्यासाठीच लवकर येऊन बसतो, कारण आज रेवड्या जिंकणारे पोर उद्या शेवटच्या जोडीत दिसू शकते. तिकडे मात्र खालून वर जाण्याची वाट मालकाच्या खोलीतून जाते.

तरीही कधी कधी खालची लढत वरच्या लढतीला झाकोळून टाकते. 29 मार्च 1987 रोजी मिशिगन राज्यातील पाँटिअॅक येथे तिसरा रेसलमेनिया झाला. उपस्थिती 93,173 अशी जाहीर झाली. या आकड्याविषयी पुढे बरीच शंका घेतली गेली, पण स्टेडियम भरले होते हे निश्चित. लोक आले होते हल्क होगनने आंद्रे द जायंटला उचललेले पाहायला. आंद्रेची पाठ तेव्हा दुखण्याने निकामी होत आली होती आणि ती लढत संथ झाली. त्याच दिवशी, त्याआधी, रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट हे दोघे दुय्यम किताबासाठी साडेचौदा मिनिटे झुंजले. सॅव्हेजने ही लढत डाव-प्रतिडावांसह आधीच क्रमवार लिहून काढली होती आणि दोघांनी ती घोकली होती. पंचाची मोजणी दोनवर यावी आणि खांदा उचलला जावा, पुन्हा दोनवर यावी आणि पुन्हा उचलला जावा. हे इतक्या वेळा, इतक्या नेमकेपणाने, की सारे ठरलेले आहे हे जाणणाराही श्वास रोखतो. अखेर सॅव्हेजने स्टीमबोटला उचलले आणि त्याच उचलण्याचा फायदा घेऊन स्टीमबोटने त्याला गुंडाळले. उचलून आपटण्याचे ते छायाचित्र अजरामर झाले. पण खेळ जाणणारे त्या दिवसाची उत्तम लढत म्हणून आजही दुसरीच सांगतात.

या कामाची किंमत काय ठरते, हे 23 मे 1999 रोजी कॅन्सस सिटीत दिसले. ओवेन हार्ट हा 34 वर्षांचा निष्णात मल्ल. एका हास्यास्पद सोंगात त्याला छतावरून दोराने खाली उतरवण्यात येत असता खटका सुटला आणि तो आखाड्यात कोसळून मरण पावला. मधल्या फळीतली लढत होती. काही मिनिटांनी कार्यक्रम पुढे सुरू झाला. सहकाऱ्यांना त्याच आखाड्यात उतरावे लागले.

तेरा वर्षांपूर्वी एका माणसाने या व्यवस्थेत हात घालून पाहिला होता. 1986 साली, दुसऱ्या रेसलमेनियाच्या सुमारास, जेसी व्हेंचुरा यांनी कपडे बदलण्याच्या खोलीत उभे राहून सहकाऱ्यांना संघटना बांधण्याचे आवाहन केले. वेळ अचूक होती: जाहिराती झाल्या होत्या, तिकिटे खपली होती, माघार घेणे मालकांना परवडणारे नव्हते. संघटना झाली नाही. पुढे चित्रफितींच्या मानधनासाठी व्हेंचुरा न्यायालयात गेले आणि 1994 साली ज्यूरीने त्यांना आठ लाख डॉलरांहून अधिक रक्कम मंजूर केली. त्याच खटल्यात मालक व्हिन्स मॅकमॅहन यांच्या साक्षीतून त्यांना कळले, की संघटनेची बातमी वर पोचवणारा होगन होता. असे व्हेंचुरा यांनी नंतर वारंवार सांगितले आहे. मुख्य लढतीतला माणूस आणि पहिल्या जोडीतला माणूस यांचे हितसंबंध एक नाहीत, याचा इतका उघड पुरावा क्वचित मिळतो. जोन्ससारख्यांना संघटना हवी होती. ज्याच्या नावावर तिकिटे खपत होती, त्याला ती अडचणीची होती. व्हेंचुरा पुढे मिनेसोटाचे राज्यपाल झाले, हा भाग वेगळा.

जानेवारी 2025 पासून या कंपनीचा साप्ताहिक ‘रॉ’ हा कार्यक्रम नेटफ्लिक्सवर दिसतो. करार दहा वर्षांचा, पाच अब्ज डॉलरांहून अधिक रकमेचा. कोणी कोठे उतरायचे, कोणता पोशाख घालायचा, किती मिनिटांत हरायचे, हे सारे कंपनी ठरवते. कागदोपत्री मात्र आखाड्यात उतरणारा तिचा कामगार नाही. तो ‘स्वतंत्र कंत्राटदार’ आहे, आणि त्याची संघटना अजून झालेली नाही.