स्वरयंत्राचा एक विरळा कर्करोग



मी वैद्य नाही, हिशेब पाहणारा आहे. परंतु ‘कॅन्सर’ हा शब्द ऐकून खचलेली कुटुंबे खर्चाच्या चौकशीसाठी प्रथम माझ्याकडेच येतात. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

स्वरयंत्राचे बहुतेक कर्करोग आतील अस्तरात उद्भवतात आणि तंबाखूशी निगडित असतात. शंभरांत जेमतेम एखादा स्वरयंत्राच्या कूर्चेत निर्माण होतो. त्यास कॉन्ड्रोसार्कोमा म्हणतात. नाव भयंकर असले तरी तो बहुधा सावकाश वाढतो, क्वचितच अन्यत्र पसरतो आणि शस्त्रक्रियेनंतर बहुसंख्य रुग्ण दीर्घकाळ जगतात. म्हणून बायप्सीचा अहवाल येण्यापूर्वी कोणीही धीर सोडू नये.

मात्र हा रोग काही वर्षांनीही त्याच जागी उलटू शकतो. त्यामुळे फेरतपासणी दीर्घकाळ चुकवून चालत नाही. परळमध्ये १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेव्हापासून गावोगावचे रुग्ण या परिसरात येत आहेत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने अशा कित्येकांना आसरा दिला आहे. शस्त्रक्रियेचा खर्च सर्वांना दिसतो. फेरतपासणीच्या प्रवासाचा व मुक्कामाचा दिसत नाही. आपल्या देणगीतील काही अंश त्यासाठी राखून ठेवावा, ही नम्र विनंती.