अक्षराचे घर : पोथीपासून पडद्यापर्यंत

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



ग्रंथ म्हणजे वस्तू की आशय, हा प्रश्न जुनाच आहे. संगणकाने तो नव्याने ऐरणीवर आणला आहे. कागद, शाई, खिळे, शिवण, पुठ्ठा आणि वेष्टन यांच्या मेळातून ग्रंथकला उभी राहिली. तिच्या जवळजवळ प्रत्येक अंगाला आज पडद्यावर पर्याय मिळाला आहे. मग त्या कलेचे उरले काय, आणि जे उरले त्यास कला म्हणावे काय? मराठी अक्षराचा प्रवास पाहिला, तर या प्रश्नाचे उत्तर सापडू लागते. तो प्रवास महाराष्ट्राच्या सीमेत मावणारा नाही, हेही महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेने अभिमानाने लक्षात ठेवावे.

विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले, ते बंगालमधील श्रीरामपूर येथे. तंजावरला सरफोजीराजे भोसले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी देवनागरी छापखाना चालविला आणि तेथून ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापच्या कथांचे मराठी पुस्तक बाहेर पडले. पुढे मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापावर मराठी पंचांग काढले, ते १८३१ साली. छापण्याच्या शाईत चरबी असते असे मानले जाई, म्हणून छापील पोथी सोवळ्यात चालत नसे. गणपत कृष्णाजींनी त्यासाठी तुपाची शाई वापरली, असे सांगितले जाते. साधन बदलले की आधी त्याच्या शुद्धतेविषयी शंका निघते. पडद्यावरच्या पुस्तकास ‘हे खरे पुस्तक नव्हे’ म्हणणारा आजचा वाचक त्याच परंपरेतला आहे.

या प्रत्येक टप्प्यावर कला नाहीशी झाली नाही. तिने जागा बदलली. पोथीच्या काळी ती लेखकाच्या बोरूत होती. एका लेखकाची प्रत दुसऱ्याच्या प्रतीसारखी नसे. १८६९ साली जावजी दादाजी यांनी निर्णयसागर छापखाना सुरू केला, तेव्हा ती राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या ठसे कोरणाऱ्या कारागिराच्या हाती आली. पोलादावर एकदा कोरलेले अक्षर हजारो प्रतींत सारखेच उमटू लागले. प्रत एकमेव राहिली नाही, म्हणून तिच्यातील सौंदर्य खोटे ठरले नाही. एकमेवपणा हा कलेचा अनिवार्य गुण नव्हे, हे मुद्रणाने तेव्हाच सिद्ध केले.

हात आणि यंत्र यांचे वैरही मानले जाते तितके खरे नाही. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस यांनी यंत्रयुगातील कुरूपतेला उत्तर म्हणून १८९१ साली केल्मस्कॉट मुद्रणालय स्थापिले. हातकागद आणि हातयंत्र यांचा त्यांनी आग्रह धरला. परंतु त्यांच्या पहिल्या अक्षरवळणाचा अभ्यास झाला, तो पंधराव्या शतकातील ग्रंथांच्या मोठ्या केलेल्या छायाचित्रांवरून. छायाचित्रण हे त्या काळचे नवे तंत्रज्ञान होते. हस्तकलेच्या कैवाऱ्यालाही यंत्राचे साहाय्य घ्यावे लागले, आणि त्यामुळे त्याच्या कलेस उणेपणा आला नाही.

संगणकाच्या युगात हाच धडा र. कृ. जोशी यांनी मराठीत गिरवला. सुलेखनकार म्हणून त्यांचा हात कागदावर तयार झाला होता. त्याच हाताने त्यांनी संगणकासाठी ‘मंगल’ हे देवनागरी वळण घडविले आणि ते विंडोजबरोबर घरोघरी पोहोचले. खिळा नाही, धातू नाही, शाई नाही. तरीही रेषेची जाडी, वेलांटीचा झोक आणि जोडाक्षराची घडण ठरवावीच लागली. संगणकावरील अक्षर म्हणजे आकृती आणि नियम यांचा संच. कोणते अक्षर कोणाशेजारी आले असता कसे वळावे, हे आरेखकाने आधीच सांगून ठेवलेले असते.

पानाची गोष्ट मात्र याहून गुंतागुंतीची आहे. छापील पानाचा समास, ओळींतील अंतर आणि चित्राची जागा एकदा ठरली की ठरली. पडद्यावर वाचक अक्षर लहानमोठे करतो आणि सारे पान नव्याने रचले जाते. आता आरेखकाला एक पान नव्हे, तर शक्य असलेल्या अनेक पानांची शिस्त घडवावी लागते. दीनानाथ दलालांचे मुखपृष्ठ हातात धरून पाहावयाचे होते. आजचे मुखपृष्ठ बहुधा प्रथम नखाएवढ्या चित्रात दिसते. आणि शब्दांत वर्णन दिले असता यंत्रच चित्र काढून देऊ लागल्यावर चित्रकार कोण, हा प्रश्न अधिकच तीव्र होतो.

त्याचे उत्तर निर्णयात शोधावे लागेल. साधन कोणतेही असो. जेथे कोणी निवडले, नाकारले, पुन्हा केले आणि त्याची जबाबदारी स्वीकारली, तेथे कला आहे. जेथे यंत्राने पुढे केले तेच मुकाट्याने घेतले गेले, तेथे केवळ उत्पादन आहे. बोरूने उतरविलेली पोथीही कधी निव्वळ उत्पादन असू शकते, आणि संगणकावर घडलेले अक्षरही कला असू शकते.

ही तात्त्विक चर्चा मराठी शाळेच्या दाराशी येऊन थांबते. मराठीचा ‘ल’ पाकळीयुक्त आणि ‘श’ देठयुक्त; हिंदी छपाईतील त्यांची वळणे निराळी. संगणकाच्या लेखी मात्र दोहोंचा क्रमांक एकच. कोणते रूप दिसावे, हे निवडलेल्या अक्षरवळणावर अवलंबून असते आणि पुष्कळदा हिंदी रूपच समोर येते. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलाने फळ्यावर एक ‘ल’ गिरवावा आणि पडद्यावर दुसराच पाहावा, असे घडते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेदही ‘ऱ्य’ नीट टंकित झाला तरच टिकतो. एरवी गुरुजनांचा मान स्वयंपाकघरात जायचा! कोणी निर्णय घेतला नाही, तर यंत्राची सवयच निर्णय घेते, आणि एका भाषेचे वळण कोणाच्याही दुष्टाव्याविना पुसले जाते.

अनेक मराठी शाळांत हस्तलिखित वार्षिक काढण्याची प्रथा आहे. अशा अंकांची अंकीय प्रत अवश्य करावी. तिच्यासोबत वर्ष, संपादक आणि चित्रकार यांची नोंद ठेवावी, कारण नोंदीविना प्रत म्हणजे पत्ता नसलेले पत्र. मूळ अंकही जपावा. कागदावर बोरू किती जोराने टेकला, हे पडद्यावर उमटत नाही. आणि पुढचा अंक संगणकावर निघाला, तरी त्याचे अक्षरवळण विद्यार्थ्यांनी स्वतः पारखून निवडावे, त्यातील ‘ल’ आणि ‘श’ तपासावेत. श्रीरामपूर आणि तंजावर येथे मराठी अक्षराला घर मिळाले, ते कोणीतरी ते मनापासून बांधले म्हणून. पडद्यावरचे घरही तसेच बांधावे लागेल, आणि ते काम आता याच मुलांच्या हाती आहे.