बटवड्याच्या वहीतली सही

सरकारी गुपितांवर बोलायला कवीला का बोलावलं, असं काही श्रोत्यांना वाटेल. मलाही वाटलं होतं. पण कागद हा कवीचा आणि सरकारचा सारख्याच जिव्हाळ्याचा विषय आहे, हे एक कारण. दुसरं कारण घरचं. माझे अब्बा फोर्टमधल्या एका सरकारी कचेरीत दफ्तरी होते.

दफ्तरी म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. कागदांना दाभणाने भोक पाडायचं, त्यातून नाडा ओवायचा, फाईल लाल फितीत बांधायची, फाटलेल्या पानाला खळ लावून पट्टी चिकटवायची, पाकिटावर लाख वितळवून मोहोर उठवायची. अब्बांच्या बोटांना खळीचा वास यायचा. आम्ही लालबागला चिवडा गल्लीच्या जवळ एका चाळीत राहत होतो. सगळ्या वस्तीला मसाल्याचा वास आणि आमच्या एका खोलीला तेवढा खळीचा.

अब्बा रात्रशाळेत मराठी लिहायला शिकले. का, तर बटवड्याच्या वहीत नोंद करता यावी म्हणून. कुठलं पाकीट कधी कोणाला पोचवलं, घेणाऱ्याची सही कुठे, सगळं त्या वहीत. गोपनीय कागद दोन पाकिटांत जातो, हे मला त्यांनीच सांगितलं. आतल्या पाकिटावर ‘गोपनीय’ लिहायचं, लाख लावायची; बाहेरच्यावर नुसता पत्ता. म्हणजे नेणाऱ्यालाही कळू नये, आपण काय नेतो आहोत.

1981 सालची गोष्ट. मी दहा वर्षांचा होतो. संध्याकाळी कचेरी सुटताना हेडक्लार्क अब्बांना म्हणाले, “चाचा, एवढं पाकीट साहेबांच्या घरी नेऊन द्या.” साहेब घरी नव्हते. घरात दुसऱ्या कोणाकडे द्यायचं नाही, असा हुकूम. कचेरीला कुलूप लागलेलं. अब्बा पाकीट घेऊन लालबागला आले. ते त्यांनी पिठाच्या डब्याखाली ठेवलं आणि रात्रभर डब्याला पाठ लावून बसून राहिले. अम्मी म्हणाली, “अहो, निदान आडवे तरी व्हा.” ते म्हणाले, “अमानत आहे.” पहाटे गिरणीचा पहिला भोंगा व्हायच्या आत ते निघाले.

पाकीट लाखेसकट जसंच्या तसं परत गेलं. तरीही चौकशी झाली. गोपनीय कागद रात्रभर घरी ठेवल्याबद्दल त्यांची एक वेतनवाढ रोखली गेली. हेडक्लार्कांनी तोंडी हुकूम दिला होता, त्याची नोंद कुठे असणार? त्या वर्षी ईदला आम्हा भावंडांना नवे कपडे झाले नाहीत, एवढंच मला तेव्हा कळलं.

पुढे बी. ए. झाल्यावर कुतूहल म्हणून मी तो कायदा वाचला. शासकीय गुपिते अधिनियम, 1923. इंग्रजांनी केलेला आणि आपण ठेवून घेतलेला. त्याच्या पाचव्या कलमात नुसतं गुपित फोडणं हा गुन्हा नाही. अधिकार नसताना असा कागद जवळ ठेवणं, तो परत न करणं, त्याची पुरेशी काळजी न घेणं, हेही गुन्हेच आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आणि हे कलम पदावर असलेल्याला लागू आहे तसंच पदावरून उतरलेल्यालाही. खुर्ची सुटली म्हणजे अमानत सुटली, असं कायदा म्हणत नाही.

मग माजी अधिकाऱ्यांच्या चौकशीचं आपल्याकडे होतं काय? तीन प्रकरणं सांगतो.

पहिलं दिल्लीचं, पण मुंबईशी नातं असलेलं. जानेवारी 1985 मध्ये कुमार नारायण हेरगिरी प्रकरण उघडकीस आलं. नारायण हे मुंबईच्या एका कंपनीचे दिल्लीतले अधिकारी. पंतप्रधानांचं कार्यालय, संरक्षण खातं, अशा ठिकाणचे गोपनीय कागद त्यांच्याकडे यायचे, त्यांची झेरॉक्स निघायची आणि मूळ कागद परत कपाटात जायचे. नोंदवहीत पाहाल तर सगळं जागच्या जागी. पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. हेच अलेक्झांडर पुढे 1993 ते 2002 महाराष्ट्राचे राज्यपाल होते. खटल्याचा निकाल लागला 2002 मध्ये, सतरा वर्षांनी. तोवर नारायण हयात नव्हते. शिक्षा झालेल्या सरकारी माणसांत स्वीय सहायकांसारखे हाताखालचे लोक होते. राजीनामा देणं ही मोठी गोष्ट होती, हे मी मान्य करतो. पण ज्या टेबलांवरून कागद उठत होते, त्या टेबलांच्या धन्यांना आपल्या कपाटाची इतकी कमी खबर कशी, याचं उत्तर मला कुठे वाचायला मिळालं नाही.

दुसरं कुलाब्याचं, आदर्श सोसायटीचं. एकतीस मजल्यांची ती इमारत सर्वांना ठाऊक आहे. नोव्हेंबर 2010 मध्ये कळलं की मंत्रालयातल्या नगरविकास खात्याच्या फाईलमधली टिपणीची काही पानंच नाहीशी झाली आहेत. फाईल आहे, पानं नाहीत. दफ्तऱ्याच्या मुलाला यातली गोम लगेच कळते. नाडा सोडल्याशिवाय मधलं पान निघत नाही, आणि फाडलं तर भोकाशी कागदाचा तुकडा राहतो. मरीन ड्राइव्ह पोलिसांकडे तक्रार गेली, मग तपास सीबीआयकडे गेला. मुख्य प्रकरणात 2012 मध्ये माजी सनदी अधिकारी आणि निवृत्त लष्करी अधिकारी अटकेत गेले. साठ दिवसांत आरोपपत्र दाखल झालं नाही, म्हणून त्यांना जामीन मिळाला. जुलै 2012 मध्ये तेरा जणांवर आरोपपत्र आलं. आरोप म्हणजे दोष नव्हे, हे इथे लक्षात ठेवलंच पाहिजे. पण साठ दिवस मोजायला तपास यंत्रणेला कॅलेंडर मिळू नये, याला काय म्हणावं?

तिसरं अलीकडचं. राज्य गुप्तवार्ता विभागाच्या तत्कालीन आयुक्त रश्मी शुक्ला यांनी 2020 मध्ये पोलिसांच्या बदल्यांबाबत एक गोपनीय अहवाल दिला होता. मार्च 2021 मध्ये त्यावेळचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी त्याचा हवाला पत्रकार परिषदेत दिला. अहवाल बाहेर गेला कसा, म्हणून मुंबईच्या सायबर पोलिसांनी अनोळखी व्यक्तींविरुद्ध गुपिते कायद्याखाली गुन्हा नोंदवला. मार्च 2022 मध्ये पोलिसांनी फडणवीसांचा जबाब त्यांच्या निवासस्थानी जाऊन घेतला. बेकायदा फोन टॅपिंगच्या आरोपावरून पुण्यात आणि मुंबईत शुक्ला यांच्यावर आणखी दोन गुन्हे नोंदले गेले. जून 2022 मध्ये राज्यातलं सरकार बदललं. जुलैमध्ये अहवाल फुटल्याचा तपास सीबीआयकडे गेला. टॅपिंगच्या एका गुन्ह्यात पोलिसांनीच प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला, दुसऱ्यात खटला चालवायला शासनाने परवानगी नाकारली, आणि सप्टेंबर 2023 मध्ये उच्च न्यायालयाने ते दोन्ही गुन्हे रद्द केले. जानेवारी 2024 मध्ये शुक्ला राज्याच्या पोलिस महासंचालक झाल्या.

यात कोण बरोबर, कोण चूक, हे ठरवायला मी बसलेलो नाही. एका बाजूने म्हटलं, जनहितासाठी कागद दाखवला. दुसऱ्या बाजूने म्हटलं, गुपित फोडलं. दोन्ही दावे तपासण्याजोगे होते. मला दिसतं ते इतकंच, की आधी ज्या वेगाने तपास एका दिशेने गेला, त्याच वेगाने तो नंतर थांबला. आणि मध्ये बदललं होतं ते सरकार.

याचं मूळ कायद्यातच आहे. गुपिते कायद्याखाली शासनाच्या हुकमाने फिर्याद झाल्याशिवाय न्यायालय खटल्याची दखल घेऊ शकत नाही. म्हणजे गुपित कोणतं हे ठरवणार शासन, कोणी फोडलं ते शोधणार शासनाचे पोलिस आणि खटला भरायचा की नाही तेही शासनच ठरवणार. खात्यामार्फत चौकशी करावी म्हटलं, तर आपल्या राज्याच्या 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांत तरतूद आहे, की माणूस निवृत्त झाल्यावर चार वर्षांपेक्षा जुन्या घटनेची विभागीय चौकशी सुरू करता येत नाही. ही तरतूद म्हाताऱ्या कर्मचाऱ्याला जुन्या सूडापासून वाचवते, हे खरं. पण ज्याच्या हाती कपाटाची किल्ली आहे, तो चार वर्षं सहज काढतो.

अमेरिकेतही हा घोळ आहे. क्लिंटन यांचे सुरक्षा सल्लागार राहिलेले सँडी बर्गर यांनी 2003 मध्ये राष्ट्रीय अभिलेखागारातून गोपनीय कागद लपवून नेले. 2005 मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला आणि पन्नास हजार डॉलर दंड भरला. ट्रम्प यांच्या फ्लोरिडातल्या निवासस्थानाची 2022 मध्ये झडती झाली, आरोप ठेवले गेले, आणि वकिलाच्या नेमणुकीच्या मुद्द्यावर 2024 मध्ये न्यायाधीशांनी खटला काढून टाकला. बायडन यांच्या गॅरेजमध्ये कागद सापडले. त्यांच्यावर खटला भरला नाही. पण का भरला नाही, याचा लांबलचक अहवाल फेब्रुवारी 2024 मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो कोणालाही वाचता आला. आपल्याकडे तपास का थांबला, हे बहुधा वर्तमानपत्रातल्या चार ओळींवरून ताडावं लागतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘गोपनीय’ हा शिक्का पवित्र नसतो. 2002 मध्ये दिल्लीचे पत्रकार इफ्तिखार गिलानी यांना याच कायद्याखाली पकडलं. त्यांच्याकडचा कागद पाकिस्तानातल्या एका संस्थेने छापलेला, कोणालाही मिळण्यासारखा होता. तरी ते सात महिने तिहारमध्ये होते. जानेवारी 2003 मध्ये सरकारने खटला मागे घेतला. उलट, दादर स्टेशनबाहेर मी एकदा शेंगदाणे घेतले, तर पुडीचा कागद होता कुणा कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालाचा. नाव, हुद्दा आणि शेरा, ‘कामात मंद’. त्या बिचाऱ्याची अमानत रद्दीच्या भावाने गेली होती, आणि तिची चौकशी कोणी केली असेल असं मला वाटत नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने एक चांगलं केलं. जनहित मोठं असेल तर गुपिते कायदा आड येऊ नये, असं त्यात लिहिलं. पण मागितलेली फाईलच ‘सापडत नाही’ असं उत्तर आलं, की नागरिक काय करणार?

आता अब्बांकडे परत येतो. 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली. पाच माणसं गेली. वरचे मजले जळताना आम्ही घरी टीव्हीवर पाहत होतो. आदर्शची कागदपत्रं आधीच सीबीआयच्या ताब्यात असल्याने वाचली, असं सांगत होते. अब्बा तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, “बेटा, एक नोंद माझीही राहिली आहे.”

त्यांची वेतनवाढ रोखली गेल्यानंतर दोन वर्षांनी तेच साहेब निवृत्त झाले. त्यांच्या बंगल्यावरून सामान हलवायला अब्बांना आणि आणखी एका शिपायाला पाठवलं. माळ्यावर दोन ट्रंका निघाल्या. आत फायली, पाकिटं, कित्येकांवर ‘गोपनीय’चा शिक्का, काही पाच-सहा वर्षांची. टॅक्सीत घालून त्या कचेरीत आणल्या. अब्बांनी सवयीने वही उघडली. हेडक्लार्क म्हणाले, “चाचा, हे वहीत लिहू नका.” आणि अब्बांनी लिहिलं नाही. घरात तीन मुलं होती, एक वेतनवाढ आधीच गेली होती. त्या ट्रंकांत काय होतं, काय नव्हतं, पुढे कोणी मोजलं नाही. साहेबांना हार घालून निरोप दिला गेला.

“एका पाकिटासाठी मला शिक्षा झाली, त्याचं दुःख नाही,” अब्बा म्हणाले. “नियम होता. पण त्या दिवशी मी वही मिटली, ते मला सलतं.”

मला जे मागायचं आहे ते फार मोठं नाही. बदली होताना आणि निवृत्त होताना प्रत्येक अधिकाऱ्याने, शिपायापासून सचिवापर्यंत आणि मंत्र्यानेही, आपल्याकडचे गोपनीय कागद यादी करून परत द्यावेत. यादीवर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही असावी. घरी नेलेल्या फाईलचीही नोंद असावी. खटला भरायचा की नाही, हे ज्या सरकारचं त्यात हित-अहित आहे त्याच्या एकट्याच्या मर्जीवर राहू नये. आणि चौकशी बंद केली, तर का बंद केली, हे लेखी आणि जाहीर असावं. गुपित झाकलेलं राहू द्या. चौकशीचा निकाल झाकायचं काही कारण नाही.

अब्बा 2015 मध्ये गेले. त्यांच्या पेटीत एक जुनं दाभण, लाखेची अर्धी कांडी आणि रात्रशाळेतली एक वही निघाली. वहीत पानभर त्यांनी स्वतःची सही गिरवली होती. पहिल्या ओळीतली अक्षरं वाकडी आहेत. शेवटच्या ओळीतली कोणत्याही साहेबाला वाचता येतील.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)