बाळाची पोटगी कुणी लिहून देऊ शकत नाही

नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बायांशी गटाच्या बैठकीत बोलणं निघालं की एक वाक्य हमखास कानावर येतं. ‘ताई, मी तर लिहून दिलंय. आता कुठल्या तोंडानं मागू?’

काय लिहून दिलेलं असतं? गावातली चार माणसं बसतात, स्टँपचा कागद आणतात आणि त्यावर लिहितात : आम्ही राजीखुशीनं वेगळे होत आहोत, मूल आई सांभाळील, तिला किंवा मुलाला काही मागायचा हक्क राहणार नाही. बैठकीत बाई बहुतेक एकटीच असते. भाऊसुद्धा म्हणतो, कर सही आणि हो मोकळी. ती सही करते. पुढं पोरगी सातवी-आठवीला जाते, एसटीचा पास, वह्या, गणवेश सगळं आईच्या खुरपणीच्या मजुरीवर येतं, आणि मग एक दिवस पोरीचीच शाळा सुटते.

तर बायांनो, त्या कागदानं पोरीचा हक्क गेलेला नाही. पोटगी पोरीची आहे. आईला ती सोडून देता येत नाही, आणि बैठकीतल्या चार माणसांना तर मुळीच नाही. कोर्टांनी हे वेळोवेळी सांगितलं आहे.

आपण आपली पोटगी आणि लेकराची पोटगी एकच समजतो, तिथंच फसतो. राजीखुशीनं वेगळं राहतो असं लिहून दिलं, तर बायकोच्या स्वतःच्या पोटगीला अडचण येऊ शकते. तिच्या चारित्र्यावर बोट ठेवून नवरा तिची पोटगी अडवायला बघतो. तिनं दुसरं लग्न केलं तर तिची पोटगी थांबते. पण यातलं काहीही लेकराला लागू नाही. आई कशीही वागली, कुठंही राहिली, तरी बाप हा बापच राहतो. एवढंच काय, लग्नाशिवाय झालेल्या मुलालाही बापाकडून पोटगी मागता येते. मुसलमान घरातल्या लेकरांनाही हाच कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९७ साली तसं स्पष्ट केलं.

पूर्वी याला सगळे ‘एकशे पंचवीसची केस’ म्हणायचे. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तेच कलम १४४ झालं. वकील जुना आकडा बोलला तर घाबरू नका, गोष्ट तीच. जुन्या कायद्यात महिन्याला ५०० रुपयांची मर्यादा होती, ती २००१ साली गेली. अर्ज तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा. मोठ्या शहरात कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथं. आणि सासरच्या तालुक्याला खेटे घालायची गरज नाही. तुम्ही माहेरी राहत असाल तर तिथल्या कोर्टात अर्ज चालतो.

निकालाला वेळ लागतो, हे खरं आहे. म्हणून पहिल्याच अर्जाबरोबर अंतरिम पोटगी मागा. समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तिचा निर्णय द्यावा, असं कायदा सांगतो. नवरा म्हणेल, माझ्या नावावर काही नाही, मी बेकार आहे. २०२० पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार दोघांनाही आपली कमाई, मालमत्ता, कर्ज शपथेवर लिहून द्यावं लागतं. आणि धडधाकट माणसानं मजुरी करूनसुद्धा बायकापोरांना पोसलं पाहिजे, हेही त्याच न्यायालयानं २०२२ साली म्हटलं आहे. तुम्ही चार पैसे कमावता म्हणून तो सुटत नाही. दोघं कमावत असतील तर आपापल्या कमाईच्या मानानं भार उचलायचा. त्याच्या शेताचा सातबारा, ट्रॅक्टरचा नंबर, कामाला असेल तिथला पत्ता, मुकादमाकडून घेतलेली उचल, जे माहीत असेल ते सांगा. लेकराचा जन्मदाखला, शाळेच्या पावत्या, दवाखान्याची बिलं जपून ठेवा.

आता एक गोष्ट तुम्हाला कदाचित आवडणार नाही. तो पैसे देत नाही म्हणून पोराला भेटू द्यायचं नाही, असं करू नका. आणि भेटू देत नाही म्हणून पैसे देणार नाही, असंही त्याला म्हणता येत नाही. भेट वेगळी, पोटगी वेगळी. ‘पोर माझ्याकडं दे, मग सांभाळतो’ ही धमकी तर नेहमीचीच. हिंदू कायद्यात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडंच राहतं. त्यापुढं ताबा कुणाकडं हे कोर्ट लेकराचं भलं बघून ठरवतं. ताबा आईकडं आला तरी बापाची पोटगी चालूच राहते.

अठरा वर्षं झाली म्हणजे सगळं संपलं असंही नाही. अपंगत्वामुळं किंवा आजारामुळं कमावू न शकणाऱ्या मुलाला पुढंही पोटगी मिळते. हिंदू मुलीला, तिला स्वतःचा खर्च भागवता येत नसेल तर, लग्न होईपर्यंत १९५६ च्या कायद्यानं बापाकडून मागता येतं. मात्र त्याचा दावा वेगळा असतो.

हुकूम झाला आणि त्यानं पैसे दिले नाहीत तर वसुलीचा अर्ज करायचा. त्याच्या मालमत्तेवर जप्ती येते, थकलेल्या प्रत्येक महिन्यामागं एक महिन्यापर्यंत कैदही होऊ शकते. तुरुंगात जाऊन आला म्हणून थकबाकी फिटत नाही, ती द्यावीच लागते. फक्त एक ध्यानात ठेवा : रक्कम देणं झाल्या तारखेपासून एका वर्षाच्या आत हा अर्ज व्हायला हवा. ‘देईल, देईल’ म्हणून दोन-दोन वर्षं वाट बघू नका. गटाच्या वहीत बचतीचा हप्ता लिहितो तसा पोटगीचा महिनाही लिहीत जा, कधी आली, किती आली.

वकिलाच्या पैशाची काळजी नको. बाई आणि मूल यांना सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते, तिथं साधा अर्ज द्या. फोन करायचा तर नंबर आहे १५१००. आणि जाताना तो स्टँपचा कागदही बरोबर घ्या. वकिलाला तो वाचून दाखवायला लागेल.