तेल कोणते चांगले? बंदूक, विळा आणि गंज



पावसाळा आला की घरातील लोखंड आजारी पडते. विळ्यावर तांबूस डाग दिसू लागतात, कुदळीवर खपली धरते, आणि ज्यांच्याकडे शेत राखण्यासाठी परवान्याची बंदूक आहे, त्यांच्या बंदुकीच्या नळीत आतून काय चालले आहे हे तर कळतही नाही. मग कोणी म्हणतो, खोबरेल लावा. कोणी म्हणतो, घासलेटाने पुसा. दुकानदार फवाऱ्याचा डबा पुढे करतो. प्रत्येकाचेच तेल उत्तम! यांतले खरे कोणाचे मानावे, आणि ते पारखावे कसे, याचा आज विचार करू.

उदाहरण बंदुकीचे घेतो. विळा गंजला तर दगडावर घासून पुन्हा कामाला येतो. नळीत आतून गंज चढला तर तेथे खड्डे पडतात, लोखंड पातळ होते, आणि बार उडताना नळी फुटण्याचे भय निर्माण होते. बंदूक खांद्याला लावलेली असते आणि डोळा तिच्याजवळ असतो, हे सांगायला नको.

आधी गंज म्हणजे काय ते पाहू. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू या तिघांची गाठ पडली की गंज तयार होतो. यांतील एकाला बाजूला ठेवले की काम थांबते. गंज हा सच्छिद्र, भुसभुशीत पदार्थ आहे. त्यातून ओल आत झिरपते आणि खालचे लोखंड खात राहते. पाण्यात मीठ असेल तर हा व्यवहार फार जलद होतो. आपल्या घामातही मीठ असते, म्हणून बोटांचे ठसे उमटले तेथे आधी डाग पडतो. शिवाय हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग बराच वाढतो. कोकणात आषाढ-श्रावणात ती याहून कितीतरी अधिक असते. पावसाचा थेंबही न लागलेली, खुंटीला टांगलेली बंदूक गंजते ती यामुळे.

आता तेलाकडे वळू. तेलाची कामे दोन: सरकणारे भाग सुळसुळीत ठेवणे हे एक, आणि पाणी व हवा लोखंडापासून दूर ठेवणे हे दुसरे. एका कामात हुशार असलेले तेल दुसऱ्यात हुशार असेलच असे नाही. घोळ होतो तो येथेच.

घासलेट मळ उत्तम काढते. परंतु ते उडून जाते आणि लोखंड पुन्हा उघडे पडते. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल हवा लागून चिकट होत जाते. मग बंदुकीचा घोडा अडखळतो. खोबरेल तितके चिकटत नाही, पण खवट झाले की त्यात आम्ल वाढते आणि ते धातूला बाधते. शिलाई यंत्राचे तेल खनिज असल्याने चिकटत नाही. मात्र पातळ असल्यामुळे उभ्या ठेवलेल्या नळीवरून हळूहळू खाली ओघळते. ट्रॅक्टरचे जळके ऑइल फुकट मिळते खरे, पण त्यात काजळी आणि आम्ले असतात. ते हातालाही चांगले नाही. व्हॅसलीन किंवा ग्रीस यांचा थर जाड असतो, म्हणून ती सर्वांत जास्त दिवस टिकतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बंदुका ‘कॉस्मोलीन’ नावाच्या अशाच मेणचट वंगणात बुडवून समुद्रापार पाठविल्या होत्या. त्या वापरण्याआधी ते सगळे वंगण काढावे लागे, हीच त्याची अडचण.

फवाऱ्याच्या डब्यांत ‘डब्ल्यूडी-४०’ हे नाव पुष्कळांना माहीत आहे. ते १९५३ साली अमेरिकेत तयार झाले. नावातील दोन अक्षरांचा अर्थ ‘पाणी हटविणे’ असा, आणि ४० म्हणजे चाळिसावी कृती. भिजलेल्या लोखंडावरील पाणी हटविण्यास ते चांगले. पण मागे उरणारा थर पातळ असतो. महिनोन्‌महिने रक्षण करण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. खास बंदुकीसाठी केलेल्या तेलांत गंजरोधक द्रव्ये मिसळलेली असतात. त्यांच्या कणांचे एक टोक धातूला चिकटते आणि दुसरे पाण्याला दूर ठेवते. त्यामुळे दिसायला सारखी असलेली दोन तेले गुणाने फार निराळी असू शकतात. बाटलीकडे नुसते पाहून हे समजत नाही.

ठासणीच्या बंदुकीबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काळ्या दारूत सोरा, गंधक आणि कोळसा असतो. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक वजन घनरूपात मागे उरते, आणि ही राख हवेतील ओल ओढून घेते. जुन्या धर्तीच्या केपातून मिठाच्या जातीचा क्षारही नळीत राहतो. हे क्षार तेलात विरघळत नाहीत. त्यांच्यावर कितीही उंची तेल चोपडले तरी आपण चोराला आत ठेवून दार लावल्यासारखे होते! यावर उपाय गरम पाण्याचा. आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी, नळी गरम पाण्याने धुवावी, फडक्याने पूर्ण कोरडी करावी आणि मगच तेल लावावे. धातू तापलेला असल्याने तो लवकर वाळतो.

आता पारख कशी करावी? शिक्षक बंधुभगिनींनो, हा प्रयोग शाळेत सहज होतो, आणि त्याला बंदूक लागत नाही. एकाच पत्र्याच्या सारख्या आकाराच्या पट्ट्या कापून घ्या. काचकागदाने घासा, धुण्याच्या सोड्याने धुवा, पुसून वाळवा. नंतर बोट लावू नका. प्रत्येक तेलाला तीन पट्ट्या द्या, कारण एकच पट्टी फसवू शकते. तीन पट्ट्या बिनतेलाच्या ठेवा. त्या नसतील तर तुलना कशाशी करणार? पट्ट्या तेलात बुडवून एक दिवस दोऱ्याने टांगा, म्हणजे जादा तेल निथळेल. मग ९५ भाग पाण्यात ५ भाग मीठ विरघळवून ते रोज सकाळी सर्वांवर सारखेच शिंपडा. पट्ट्यांवर केवळ आकडे घाला. कोणत्या आकड्याचे तेल कोणते, हे डाग नोंदविणाऱ्या मुलांना कळू देऊ नका. आपल्या घरचे तेल जिंकावे असे कोणाला वाटत नाही?

मोठ्या प्रयोगशाळांतही खाऱ्या फवाऱ्याची अशीच परीक्षा घेतात. अमेरिकेत तिची प्रमाण पद्धत १९३९ साली प्रसिद्ध झाली. आज तिच्यात पाच टक्के मिठाचे पाणी ३५ अंश सेल्सियस तापमानाला सतत फवारतात. तिचीही मर्यादा आहे. फवाऱ्यात पहिले आलेले तेल कपाटातल्या ओलीतही पहिले येईल, असे नाही. म्हणून दुसरा संच मीठ न लावता वर्गातल्या दमट कोपऱ्यात टांगून ठेवा आणि दोन्हींच्या नोंदी शेजारी शेजारी लिहा.

शेतकरी बंधूंनो, निवड कामावरून करावी. रोज हाताळण्याच्या हत्याराला पातळ खनिज तेलाचे बोट पुरे. ते वरचेवर पुसावे मात्र. पावसाळाभर ठेवून द्यायच्या फाळाला, कुदळीला ग्रीस चोपडावे. निवडणुकीच्या वेळी बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली, तर ती तेथे कित्येक आठवडे पडून राहते. तेव्हा देण्यापूर्वी ती स्वच्छ कोरडी करून गंजरोधक तेलाचा जरा भरघोस हात द्यावा. गोणपाटात किंवा चामड्याच्या म्यानात ती ठेवू नये. त्यांत ओल धरून राहते. आणि परत आणल्यावर बार भरण्याआधी नळीतील तेल अथवा ग्रीस पूर्ण पुसून काढावे. तेलाने दारू भिजते, आणि नळीत राहिलेला ग्रीसचा गोळा बार उडताना नळी फोडू शकतो. नळीत खड्डे दिसले तर ती परवानाधारक कारागिराला दाखविल्याखेरीज वापरू नये.

शाळेतील नोंदींचा तक्ता तयार झाला, की तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. पुढच्या पावसाळ्यापूर्वी गावकऱ्यांना तेल विकत घेताना तो उपयोगी पडेल.