पंख मोडल्याचं सोंग
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



‘तुझ्या पक्ष्यांबद्दल दहा मिनिटं बोल,’ असं संयोजकांनी सांगितलंय. मी एकाच बदकाबद्दल बोलणार आहे, कारण त्याचा आणि आपल्या आठवीच्या वर्गाचा एक जुना हिशेब बाकी आहे.

हळदी-कुंकू बदक आपल्याकडे बारमाही असतं. काळी चोच, तिचं टोक पिवळं आणि कपाळाशी दोन लाल ठिपके. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी! पावसाळ्यात ते पाण्याजवळच्या गवतात, जमिनीवरच घरटं करतं. अंडी मादी उबवते, साडेतीन-चार आठवडे.

१९७९च्या पावसाळ्यात पी.टी.चा तास बुडवून आम्ही तिघं शाळेमागच्या तळ्यावर गेलो होतो. पायाजवळच्या गवतातून एक बदक बाहेर पडलं. एक पंख जमिनीवर फरफटतोय, ओरडतंय, पडतंय. पंख मोडलाय, आता सापडलंच, म्हणून आम्ही मागे धावलो. दोन हातांवर आलो की ते पुढे सरके. शंभरेक पावलं चिखल तुडवून झाल्यावर ते सरळ उडालं. दोन्ही पंखांनी!

चिडून परत आलो आणि ते निघालं होतं ती जागा धुंडाळली. नऊ अंडी. ती सदऱ्यात घालून वर्गात आणली, बाकाखाली लपवली. सरांना सापडली. ‘कोणी आणली?’ कोणीच बोललं नाही, आणि सगळा वर्ग दोन तास व्हरांड्यात उभा राहिला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ते उभं राहणं आठवत असेल. सर, अंडी मी उचलली होती.

आणखी एक गोष्ट त्या दोघांनाही ठाऊक नाही. वाटेत मी एक अंडं कानाला लावलं होतं. आतून बारीक टकटक येत होती. फुटायच्या आधी पिलू आतून चोच मारतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण आत कोणीतरी आहे एवढं कळलं होतं. तरी मी ते सदऱ्यात ठेवलं. सरांनी संध्याकाळी अंडी जागेवर नेऊन ठेवली. चार दिवसांनी मी एकटाच जाऊन पाहिलं. नऊच्या नऊ तशीच होती, गार.

पुढे नोकरीनिमित्त नाशिकला आलो आणि रविवारी नांदूर मध्यमेश्वरला जाऊ लागलो. (रामसर यादीत गेलेलं राज्यातलं पहिलं पाणथळ ते.) तिथे कळलं की आमच्यापुढे झालं ते सोंग होतं. अंडी फुटायला आली किंवा पिलं लहान असली, की मादी स्वतःला जायबंदी दाखवून शत्रूला आपल्या मागे ओढते. म्हणजे ज्या बाजूला ती नेते, त्याच्या उलट बाजूला तिचं घर. आम्ही नेमके तिथे परतलो.

पण न उडणारं प्रत्येक बदक सोंगाडं नसतं. विणीनंतर बदकांची उड्डाणाची पिसं एकदम गळतात आणि तीन-चार आठवडे त्यांना उडताच येत नाही. अशी बदकं गवतात गप्प दडून राहतात. खरोखर जखमी झालेलंही जमेल तेवढं लांब पळतं, तुमच्यासाठी थांबत नाही. सोंग करणारं मात्र मागे वळून पाहतं, तुम्ही येताय ना म्हणून. हे वळून पाहणं ओळखायला मला कित्येक वर्षं लागली.

गेल्या सप्टेंबरात गावी आलो होतो, तेव्हा त्याच तळ्यावर एक मादी माझ्यापुढे तशीच फडफडू लागली. या वेळी मी तिच्या मागे गेलो नाही, आणि तिच्या घराकडेही नाही. आलो त्याच वाटेने पावलं मोजत मागे सरलो आणि बांधावर बसलो. पाऊण तासाने गवतातून सात पिलं तिच्यामागे पाण्यात उतरली.

आता डिसेंबर आहे, पिलं मोठी झाली असतील. उद्या सकाळी साडेसहाला मी तळ्यावर जाणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी भडक कपडे घालू नयेत आणि मोबाइल बंद ठेवावेत. सर, तुमच्यासाठी गाडी सहाला घरी येईल. बांधावर खुर्ची ठेवलेली आहे.