चौघांचं एक यंत्र

(1996 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सॉफ्टवेअरमधले अनुभव सांगायला सांगितलं होतं. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता इंजिनिअरिंगला आहेत, आणि परवाच आपल्यातल्या एकाने फोनवर विचारलं, "तुझ्या ओळखीत कुणी तयार प्रोजेक्ट विकत देतं का गं?" म्हणून मी आज आमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टबद्दलच बोलते.

साल 2001-02. आम्ही चौघं, दोन मुली आणि दोन मुलगे. आमच्यातला एक निफाडकडचा. तेव्हा शेतीची लाईट पाळीने यायची, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्यात रात्री. थंडीत रात्री दोन वाजता त्याचे वडील बॅटरी घेऊन मळ्यात मोटर चालू करायला जायचे. त्यावर लोकांचा उपाय म्हणजे ऑटो स्विच. लाईट आली की मोटर आपोआप चालू. पण सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. एका डीपीवरच्या साऱ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की भार डीपीवर येतो.

आमचं यंत्र आधी तिन्ही फेज आहेत का बघणार, विहिरीत पाणी आहे का बघणार, प्रत्येक मोटरीला ठरवून दिलेली वेगळी वेळ थांबणार आणि मग मोटर चालू करणार. आत 89सी51 मायक्रोकंट्रोलर. एकीकडे सेन्सर, एकाकडे पीसीबी, निफाडच्या मित्राकडे स्टार्टर आणि कॉन्टॅक्टर, माझ्याकडे प्रोग्रॅम.

डिसेंबरपर्यंत प्रत्येकाचं काम आपापल्या टेबलावर उत्तम चालत होतं. एकत्र जोडलं आणि कॉन्टॅक्टर खटकन बंद झाला की डिस्प्लेवर नुसते काळे चौकोन! पीसीबीवाला म्हणे प्रोग्रॅम चुकलाय, मी म्हणे बोर्ड बघ. आठवडाभर हेच. दुसऱ्या एका ग्रुपने तोवर तयार प्रोजेक्ट आणला होता. आपणही आणू या, असा विषय आमच्यातही निघाला.

सेन्सरवाली मैत्रीण कमी बोलायची. ती म्हणाली, "कॉन्टॅक्टर काढा, त्या जागी बल्ब लावा." दोनशे वेळा बल्ब चालू-बंद केला, एकदाही अडलं नाही. कॉन्टॅक्टर परत लावला, तिसऱ्या खटक्याला चौकोन. म्हणजे प्रोग्रॅमही बरोबर होता आणि बोर्डही. दुखणं दोघांच्या सांध्यात होतं. कॉइलचा प्रवाह तुटताना व्होल्टेजचा झटका उसळतो, तो बोर्डापर्यंत पोचत होता. कॉइलवर रेझिस्टर-कॅपॅसिटरची जोडी लावली, तारा बोर्डापासून लांब नेल्या आणि यंत्र चालू लागलं.

तो सांधा आमच्यापैकी कुणाच्याच वाट्याला दिलेला नव्हता. त्या दिवशी आम्ही शंभर पानी वही आणली. प्रत्येक सांध्याला एक पान. कोण देणार, कोण घेणार, किती व्होल्ट, किती वेळ आणि आलंच नाही तर काय करायचं. प्रत्येक पानाखाली दोघांच्या सह्या.

फेब्रुवारीत यंत्र मळ्यात नेलं. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पोरांनो, मी कपलिंगला हात घालून बसलेलो असलो आणि लाईट आली, तर?"

आमच्या वहीत हे पान नव्हतं. प्रोग्रॅममध्ये एक अट घालणं सोपं होतं. पण रिले चिकटला तर प्रोग्रॅम काय करणार? रात्री जेवणानंतर अंगणात बराच वाद झाला. शेवटी मोटरीजवळ किल्लीचा स्विच बसवला. किल्ली फिरवून खिशात टाकली की कॉन्टॅक्टरच्या कॉइलकडे जाणारी तारच तुटते. मग आमचं यंत्र काहीही म्हणो, मोटर सुरू होत नाही. शिवाय सुरू होण्याआधी अर्धा मिनिट घंटा. त्या स्विचमध्ये माझ्या प्रोग्रॅमची एक ओळही नाही, तरी आमच्या प्रोजेक्टमधला तोच सर्वांत चांगला निर्णय होता असं मी आजही मानते. माणसाचा जीव माझ्या ओळींवर टांगून ठेवायचा नाही, हे मी तिथे शिकले. नोकरीतही नवं काम आलं की मी आधी तेच विचारते, "हे आलंच नाही तर काय?"

विकत आणलेला प्रोजेक्ट चालतो, त्याला मार्कही पडत असतील. पण त्यात असं भांडण नसतं, वही नसते आणि प्रश्न विचारणारे काकाही नसतात.

म्हणून आज एक मागणं आहे. आपल्यापैकी कुणाचं वर्कशॉप आहे, कुणाची शेती, कुणाचं दुकान. या मुलांना तिथे येऊ द्या, तुमची खरी अडचण त्यांना दाखवा. आणि ज्यांची मुलं शेवटच्या वर्षाला आहेत त्यांनी मला फोन करा. प्रोजेक्ट मी करून देणार नाही. पण त्यांनी वही घातली, तर तिचं पानन् पान त्यांच्या शेजारी बसून वाचेन.